कंपनीने पार्ट बंद केला म्हणून हातही बंद करायचे काय?

कष्टकरी माणसाचे मशीन बंद पडले की त्याच दिवसापासून त्याची मजुरी बंद होते. घेतलेले काम अंगावर येते, गिऱ्हाईक तगादा लावते आणि घरात उसनवारीची बोलणी सुरू होतात. नोकरदाराला आजारपणाची रजा असते. सुताराच्या मशीनला रजा नसते. म्हणून मशीन दुरुस्तीचा विषय हा केवळ मिस्त्रीचा विषय नाही. तो आपल्या घराच्या जमाखर्चाचा विषय आहे, आणि माझ्या मते आपल्या स्वाभिमानाचाही आहे.

मोताळा तालुक्यातील आमच्या धामणगाव बढे येथील एका तरुणाची हकीकत सांगतो. हा आपल्या वस्तीतला बौद्ध तरुण दारे-खिडक्यांची कामे करतो. रमाई आवास योजनेच्या चार घरकुलांच्या चौकटींचे काम त्याने अंगावर घेतले होते. त्याच्याकडे लाकूड कापायचे हातातले विजेचे मशीन आहे. आपल्याकडे सगळे त्याला ‘कटर’ म्हणतात. ते त्याने काही वर्षांपूर्वी जुने विकत घेतले होते. काम निम्म्यावर आले आणि कटर बंद पडले. तो ते घेऊन बाजाराच्या गावी गेला. दुकानदार म्हणाला, “भाऊ, हे मॉडेल बंद झालं. याचा पार्ट येत नाही. भंगारात घाला आणि नवं न्या.” नव्याची किंमत साडेपाच हजार रुपये. घरी बायको म्हणाली, “गटाचं कर्ज काढू, पण काम अडवू नका.” बचत गटाचे एक कर्ज आधीच चालू होते. त्याचे हप्ते ती बाई कपाशी वेचून फेडत होती.

कर्ज निघाले नाही. त्याच्या मेव्हण्याने आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केलेला आहे. त्याने मशीन उघडले आणि दोन दिवसांत कटर पुन्हा सुरू झाले. कंपनीचा एकही पार्ट त्याला मिळाला नाही. मग ते सुरू झाले कसे, हे आपल्या प्रत्येक कारागीर कुटुंबाने समजून घेण्यासारखे आहे.

विजेची वाट ओळखा

कटर, ड्रिल, ग्राइंडर या हातातल्या मशीनमध्ये एकाच जातीची मोटार असते. तिला युनिव्हर्सल मोटार म्हणतात. आपल्या घरातल्या मिक्सरमध्येही हीच मोटार असते. मशीन कोणत्याही कंपनीचे आणि कितीही जुने असो, वीज साधारण एकाच वाटेने जाते. प्लगमधून वायर, वायरमधून स्विच, स्विचमधून फिल्ड कॉईल, तेथून एक कार्बन, कार्बनमधून फिरणारे आर्मेचर, मग दुसरा कार्बन, दुसरी फिल्ड कॉईल आणि परत प्लग. ही सगळी मंडळी एकामागे एक अशी एकाच रांगेत उभी आहेत. रांगेत कोठेही वाट तुटली की पूर्ण मशीन बंद पडते. म्हणजे बंद मशीन हे जळालेले मशीन असेलच असे नाही. पुष्कळदा तुटलेले ठिकाण अगदी क्षुल्लक असते.

तपासणीची पहिली अट ही की प्लग बोर्डातून काढलेला असावा आणि पाते उतरवून ठेवलेले असावे. मल्टीमीटर ओहमवर लावून प्लगच्या दोन पिनांना त्याच्या काड्या लावाव्यात. जाड पिन अर्थिंगची, ती सोडावी. आता मशीनचा स्विच दाबावा. मीटरने काही थोडे ओहम दाखवले तर वाट सलग आहे. काहीच दाखवले नाही तर वाट कोठेतरी तुटली आहे. मग एकेक टप्पा वेगळा तपासावा. सुरुवात वायरपासून करावी, कारण वायर जेथे मुठीत शिरते तेथे ती रोज वाकते आणि वरून चांगली दिसत असताना आतून तुटते. धामणगावच्या कटरची वायर तेथेच तुटलेली निघाली.

आधी कारण, मग पार्ट

वायर बदलली आणि कटर सुरू झाले. एखाद्याने तेवढ्यावर समाधान मानले असते. पण मेव्हण्याने ते चालवून पाहिले तर कार्बनजवळ मोठी ठिणगी पडत होती. त्याने लगेच मशीन बंद केले.

तथागत बुद्धांनी आपल्याला कार्यकारणभाव शिकवला. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर केले तर दुःख दूर होते. हा विचार आपण वंदनेपुरता ठेवतो, पण तो रोजच्या कामात वापरण्याचा विचार आहे. मशीन बंद पडले म्हणून नारळ फोडणारे आणि लिंबू बांधणारे लोक आजही दिसतात. ठिणगीला लिंबू कळत नाही, तिला कारण कळते.

ठिणगीची कारणे मोजकी आहेत. कार्बन झिजलेला असणे, कार्बन खोबणीत अडकलेला असणे, मागची स्प्रिंग ढिली असणे, कम्युटेटरचा तांब्याचा भाग काळा किंवा खडबडीत असणे, बेअरिंग झिजून आर्मेचर डुगडुगणे, आणि शेवटचे म्हणजे आर्मेचरचे वायंडिंग शॉर्ट असणे. या शेवटच्या कारणात ठिणगी कम्युटेटरभोवती गोल फिरताना दिसते आणि जळका वास येतो. पहिली पाच कारणे थोड्या पैशांत दूर होतात, सहावे महाग पडते. आणि बहुतेक वेळा पहिल्या पाचांकडे दुर्लक्ष झाले म्हणूनच सहावे उद्भवते.

या कटरचे दोन्ही कार्बन झिजून तुकडे उरले होते. स्विचचे आतले टोक काळे पडले होते. पुढचे बेअरिंग हाताने हलत होते. आर्मेचर मात्र शाबूत होते.

नंबर मिळत नाही, काम तर ठाऊक आहे

आता मुख्य मुद्दा. दुकानदार पार्टचा नंबर विचारतो. कंपनीने तो नंबर बंद केला की त्याच्या लेखी पार्ट संपला. पण पार्टचे काम संपलेले नसते. सुत्तनिपातातील वसल सुत्तात भगवंतांनी माणसाची ओळख जन्मावरून न करता कर्मावरून करायला शिकवले. पार्टलाही तोच नियम लावावा. तो कोणत्या कंपनीच्या घरात जन्मला हे विचारू नये. तो काय काम करतो, किती मापाचा आहे आणि किती भार पेलतो हे विचारावे. मग चार दुकानांतून त्याचा जोडीदार सापडतो.

कार्बन – लांबी, रुंदी आणि जाडी व्हर्नियरने मिलिमीटरमध्ये मोजावी. नेमके माप न मिळाल्यास हातातल्या मशीनचाच पण किंचित मोठा कार्बन घ्यावा. सपाट काचेवर बारीक सँडपेपर ठेवून त्यावर तो हळूहळू घासून मापात आणावा. खोबणीत तो सहज सरकला पाहिजे, पण डुलता कामा नये. लहान कार्बन घेऊन बाजूला कागद-पत्रा घालून बसवू नये. दोन्ही कार्बन एकदम बदलावेत. नवा कार्बन कम्युटेटरच्या गोलाईवर बसण्यासाठी त्यावर सँडपेपरची पट्टी खरखरीत बाजू कार्बनकडे ठेवून फिरवावी, भुकटी फुंकून काढावी आणि मशीन दहा-पंधरा मिनिटे बिनभाराने चालवावे. एमरी पेपर वापरू नये, त्याचे कण कम्युटेटरमध्ये रुततात. टॉर्चच्या सेलमधली कांडी कापून बसवण्याची युक्ती आपल्या खेड्यांत प्रसिद्ध आहे. मशीन त्यावर चालते खरे, पण ती कांडी या कामासाठी केलेली नसते. चार रुपयांच्या कांडीने हजाराचे आर्मेचर खरवडून निघते.

स्विच – स्विच निवडताना आधी गणित करावे. मशीनच्या पाटीवर १०५० वॅट लिहिले असेल तर २३० ने भागावे. साधारण साडेचार ॲम्पिअर येतात. पण सुरू होताना मोटार त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. म्हणून ८ ते १० ॲम्पिअरचा, हातातल्या मशीनसाठीच केलेला स्विच घ्यावा. दुसऱ्या कंपनीच्या मशीनचा स्विच मुठीत बसत नसेल तर आतली प्लॅस्टिकची बैठक कानसने थोडी घासून बसवता येतो. एक अट मात्र कधीही मोडू नये. बोट सोडले की स्विच आपोआप बंद झाला पाहिजे. स्विच मिळत नाही म्हणून वायर थेट जोडून भिंतीवरच्या बटणाने कटर चालवणारे लोक आहेत. कटर हातातून निसटले तर भिंतीपर्यंत पोहोचायला वेळ मिळत नाही.

कंडेन्सर – स्विचजवळ एक छोटी डबी किंवा चौकोनी ठोकळा असतो. कार्बनच्या ठिणगीमुळे रेडिओ-टीव्हीत येणारी खरखर कमी करणे हे त्याचे काम. तो शॉर्ट झाला की फ्यूज उडतो आणि माणसाला वाटते मोटार जळाली. त्याच्या जागी ‘एक्स-२’ जातीचा, २७५ व्होल्ट एसी लिहिलेला, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावावा. डीसी लिहिलेला लावू नये. नवा मिळेपर्यंत तो काढून ठेवला तरी मोटार चालते.

बेअरिंग – याबाबतीत आपले नशीब नव्हे, मानकांची पद्धत आपल्या बाजूने आहे. बेअरिंगवरचा आकडा साऱ्या जगात एकाच मापाचा असतो. ६०८ म्हणजे आतून ८, बाहेरून २२ आणि जाडी ७ मिमी. ६००० म्हणजे आतून १०, बाहेरून २६ आणि जाडी ८ मिमी. मशीनची कंपनी बुडाली तरी हे बेअरिंग सायकल-मोटारच्या दुकानातही मिळू शकते. सगळ्या कंपन्यांनी कार्बन आणि स्विचलाही असेच समान आकडे दिले असते तर गरिबाचे किती पैसे वाचले असते!

वायंडिंग जळाले तर

दोन फिल्ड कॉईलचे ओहम वेगवेगळे मोजावेत. दोन्ही सारखे आले पाहिजेत. एकीचे बरेच कमी आले तर ती आतून शॉर्ट आहे. आर्मेचरसाठी कम्युटेटरच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांवर मीटर लावत गोल फिरावे. सगळीकडे सारखाच आकडा हवा. पट्टी आणि मधला लोखंडी दांडा यांत मात्र वाट अजिबात नको.

फिल्ड कॉईल भरून घेणे फारसे अवघड नाही. आपल्या भागात शेतीपंपाच्या मोटारी भरणारे कारागीर गावोगावी आहेत. जुनी कॉईल फेकू नये. तिचे वेढे मोजावेत, तारेचा गेज मोजावा आणि कोणत्या दिशेने गुंडाळली होती ते कागदावर काढून ठेवावे. तीच कॉईल नव्या कॉईलचा नकाशा आहे. भरल्यानंतर वॉर्निश करून भट्टीत वाळवलेली असावी, नाहीतर मशीनच्या कंपनाने तारा एकमेकींवर घासतात.

आर्मेचर भरणे नाजूक काम आहे. तार बारीक, जागा थोडी आणि तोल थोडा चुकला तरी बेअरिंग जाते. म्हणून आधी जोडीदार आर्मेचर शोधावे. दांड्याची लांबी, लोखंडी गाभ्याची गोलाई आणि लांबी, कम्युटेटरची गोलाई, दोन्ही बेअरिंगचे आकडे, पुढच्या गिअरचे दाते आणि त्या दात्यांचा तिरकेपणा डावा की उजवा, ही मापे एका कागदावर लिहावीत. मुंबईत कोणी नातेवाईक असेल तर त्याच्याकडे हा कागद आणि फोटो पाठवावा. नागदेवी स्ट्रीटला हत्यारांची आणि लोहार चाळीत विजेच्या सामानाची दुकाने आहेत. ‘जुन्या कटरचे आर्मेचर द्या’ म्हटले तर तेथेही नाहीच म्हणतील. मापांचा कागद दाखवला तर दुकानदार कपाट उघडून पाहतो.

आर्मेचर मुळात जळते का, हेही पाहू. बोथट पाते, लांबलचक बारीक वायर आणि संध्याकाळचे कमी व्होल्टेज ही तीन कारणे एकत्र आली की मोटार दमते. वेग कमी होतो, त्यामुळे आतला पंखा वारा देत नाही, करंट मात्र वाढतो. ३० मीटरची अर्धा चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर ५ ॲम्पिअरला वाटेतच सुमारे ११ व्होल्ट खर्ची पडतात. सुरू होताना २० ॲम्पिअर ओढले तर ४४ व्होल्ट जातात. तीच वायर दीड चौरस मिलिमीटरची घेतली तर हा तोटा एक तृतीयांश होतो. पात्याला वेळेवर धार लावणे आणि जाड वायर वापरणे म्हणजे आर्मेचरचा विमा उतरवणेच आहे.

येथे जुगाड चालत नाही

पार्टला पर्याय असतो, बोटाला नसतो. म्हणून काही गोष्टी घरातल्या सर्वांनी, विशेषतः माता-भगिनींनी, लक्षात ठेवाव्यात आणि पुरुषांना बजावाव्यात.

पात्यावरचा गार्ड तारेने बांधून उघडा ठेवू नये. तो अडखळत असेल तर साफ करावा किंवा स्प्रिंग बदलावी. जुन्या लोखंडी-ॲल्युमिनियमच्या अंगाच्या मशीनला तीन तारांची वायर आणि तीन पिनांचा प्लगच हवा. अर्थिंगची तार कापून टाकणे म्हणजे मृत्यूला बोलावणे. ज्या मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते ते दुहेरी इन्सुलेशनचे असते, त्याला दोनच तारा असतात. अशा मशीनच्या आत उघडे जोड किंवा लोखंडी पट्ट्या घालून ते इन्सुलेशन मोडू नये. वायरला मध्येच जोड देऊन चिकटपट्टी गुंडाळू नये, पूर्ण वायर बदलावी. दुरुस्तीनंतर मोटार भरणाऱ्याकडून ५०० व्होल्टच्या मेगरवर तपासून घ्यावे, किमान २ मेगाओहम तरी यायला हवेत. दुहेरी इन्सुलेशनच्या मशीनला ७ हवेत. कामाच्या बोर्डावर ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी असेल तर शॉक लागताच वीज तुटते. अंगाला बारीक मुंग्या जाणवल्या तरी मशीन त्या क्षणी बंद करावे. ‘थोडासाच येतो’ असे म्हणून काम रेटू नये. आणि मीटर हातात धरता येत नसेल तर जाणकारालाच बोलवावे. दोनशे-तीनशे रुपये वाचवण्यासाठी जीव पणाला लावू नये.

जमाखर्च मांडा

धामणगावच्या कटरचा हिशेब असा झाला. कार्बन जोडी ६० रुपये, स्विच २२०, तीन मीटर वायर २१०, दोन बेअरिंग १६०, पात्याची धार ८० आणि मेव्हण्याची मजुरी ३००. एकूण १०३० रुपये. मेव्हणा मजुरी घेत नव्हता. ती द्यायला लावली, कारण नातलगाच्या कौशल्यालाही मोल असते. आपणच आपल्या माणसाला फुकट राबवले तर ती वेठबिगारीच झाली.

नव्या मशीनला ५५०० लागले असते, वर कर्जाचे व्याज. पण म्हणून प्रत्येक जुने मशीन दुरुस्तच करावे असेही नाही. माझा ठोकताळा असा आहे : दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त होत असेल, किंवा अंगालाच तडा जाऊन मूठ, गार्ड, इन्सुलेशन सुरक्षित राहिले नसेल, तर मोह सोडावा. ते मशीन मात्र भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊ नये. त्यातले बेअरिंग, स्विच, गिअर, स्क्रू काढून डब्यात ठेवावेत. आजचे मेलेले मशीन उद्या दुसऱ्याला जगवते. आणि रोजच्या कमाईतून दहा-वीस रुपये घसारा म्हणून बाजूला टाकावेत. दुकानदार आणि कारखानदार तेच करतात, म्हणून मशीन मोडल्यावर ते कर्ज काढत नाहीत.

यंत्र आणि बाबासाहेब

आता कोणी विचारील की या सगळ्याचा चळवळीशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. विजेचा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. १९४३ साली त्यांनी विजेच्या विकासाचे धोरण मांडताना स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला, आणि १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झडती घेणारे त्यांचे पुस्तक १९४५ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी यंत्राची बाजू घेतली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांना देणाऱ्या समाजव्यवस्थेचा आहे. यंत्रामुळे माणसाला पशूसारखे राबण्यातून सुटका मिळते आणि विचार करायला, शिकायला फुरसत मिळते.

ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ओझी वाहिली त्याला या वाक्यांचे मोल सांगायला नको. त्याआधी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे. गावगाड्यात सुतारकी एका जातीची, लोहारकी दुसऱ्या जातीची. आपल्या वाट्याला काय आले हे सर्वांना माहीत आहे. पण विजेचे काम बलुतेदारीच्या यादीत नव्हतेच. वायंडिंग भरणे, बोर्ड बसवणे, मशीन दुरुस्त करणे यावर कोणत्याही जातीचा वडिलोपार्जित शिक्का नाही. ज्याला ओहम कळतो त्याचा हा धंदा. म्हणून आपल्या मुलांनी आणि मुलींनीही यात शिरले पाहिजे.

सरकारी योजनांकडेही डोळसपणे पाहावे. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतारकाम त्यात आहे आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. जो आपला तरुण हे काम करतो त्याने चौकशी जरूर करावी. पण त्या यादीत मोटार भरणारा किंवा मशीन दुरुस्त करणारा नाही, हेही ध्यानात घ्यावे. जुन्या व्यवसायांची यादी करताना नव्या हातांची आठवण राहत नाही, ती आपण करून द्यायची असते.

दुरुस्तीचा हक्क

पार्ट मिळत नाहीत ही अडचण एकट्या धामणगावची नाही. युरोपात ग्राहकांनी यासाठी आवाज उठवला आणि २०२४ साली युरोपीय संघाने काही वस्तूंच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदेशीर निर्देश काढला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यासाठी निवडली. कारागिराच्या हातातल्या मशीनला त्यात वेगळी जागा मिळाली नाही. वास्तविक ही मशीने आपल्याच लोकांच्या हातून घडतात. मुंबईत मुलुंडला रॅलीवुल्फची मशीने बनत, कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळला केपीटीची बनतात. मशीन घडवणारा कामगार आणि मशीन चालवणारा कामगार, दोघेही कष्टकरी. मधल्या मध्ये पार्ट बंद झाला की मार बसतो तो चालवणाऱ्याला. कार्बन, स्विच आणि आर्मेचरची मापे कंपन्यांनी जाहीर करावीत आणि मॉडेल बंद झाल्यावरही ठरावीक वर्षे पार्ट द्यावेत, ही मागणी आपल्या कामगार संघटनांनी लावून धरली पाहिजे.

विहारात एक पेटी ठेवा

मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. २००९ साली नेदरलँडमधील ॲमस्टरडॅम शहरात शेजाऱ्यांनी एकत्र बसून मोडक्या वस्तू दुरुस्त करण्याचा उपक्रम सुरू झाला आणि तो अनेक देशांत पसरला. आपल्याकडे त्यासाठी वेगळी इमारत शोधावी लागणार नाही. गावोगावी आपली बुद्ध विहारे आहेत. रविवारी वंदना झाल्यावर तासभर हे काम होऊ शकते.

विहारात एक लोखंडी पेटी ठेवावी. तिच्यात मल्टीमीटर, व्हर्नियर, सोल्डरिंग आयर्न, टेस्ट लॅम्प, चांगले पेचकस आणि जुन्या मशीनमधून काढलेल्या पार्टचे डबे असावेत. वर्गणी काढली तर हे सामान जमणे कठीण नाही. एक वही ठेवावी. कोणाचे मशीन, काय बिघाड, कारण काय निघाले, कोणत्या मापाचा पार्ट कोठून आणला, किती खर्च आला, हे तिच्यात लिहावे. वर्षभरात ती वही कोणत्याही कंपनीच्या पुस्तकापेक्षा उपयोगी होईल, कारण ती आपल्या गावच्या मशीनची असेल. आयटीआय झालेल्या मुलांना तेथे शिकवायला बसवावे आणि दहावी-बारावीच्या मुलामुलींना पाहायला बसवावे.

बाबासाहेबांनी आपल्याला ‘शिका’ असे सांगितले. आपण त्याचा अर्थ शाळा-कॉलेजपुरता घेतला आणि तो योग्यच होता. पण मीटरच्या दोन काड्या हातात धरून कारण शोधणे हेही शिक्षणच आहे. ज्या घरात असे शिक्षण असेल त्या घरातील बाईला बंद मशीनसाठी दुसरे कर्ज काढावे लागणार नाही. धामणगावच्या त्या चारही घरकुलांच्या चौकटी बसल्या आहेत. येत्या रविवारी आपापल्या विहारात एवढे एकच विचारावे : आपल्यापैकी कोणाचे मशीन बंद पडून आहे, आणि ते उघडून पाहायला कोण तयार आहे?

जयभीम!